जडावकामाचें लहान मेज

सागाच्या फळीवर शिसवाचें एखादें फूल जडवून लहानसें मेज करावें, अशी हौस पुष्कळ विद्यार्थ्यांस असते. आणि तें घरीं नेलें असतां आईबापांसहि कौतुक वाटतें. परंतु पुढच्याच पावसाळ्यांत तें फूल सुटून वर आलें किंवा फळीस चीर गेली, तर त्याचें कारण बहुधा लांकडाच्या स्वभावाचा विचार झालेला नसतो, हेंच असतें.

लांकूड हवेंतील ओलावा शोषून फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. मात्र सर्व बाजूंनीं सारखें नव्हे. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत रुंदींत शेंकडा सुमारें २॥ ते ६ आकसतो, लांबींत शेंकडा अर्धाहि नाहीं. चांगल्या वाळलेल्या फळींतहि ही हालचाल थोडीबहुत चालूच राहते. म्हणून फळीच्या रेषांस आडवी अशी लांब पट्टी जडविली कीं, खालचें लांकूड हालतें, पट्टी हालत नाहीं, आणि शेवटीं सरसाची पकड सुटते. लहान पाकळ्या हा ताण सोसतात. सबब कडेनें अखंड चौकट जडविण्याचा मोह आवरावा. मधोमध एक फूल व भोंवतीं मोकळी जागा, हें आमच्या मतें दिसतेंहि अधिक सुंदर.

मेज १५ इंच चौरस व १८ इंच उंच पुरे. पाकळ्यांसाठीं शिसवाची पट्टी एक सूत जाड घ्यावी व कागदावरील आकृति तीवर चिकटवून बारीक करवतीनें कापावी. पाकळी फळीवर ठेवून तिच्या कडेनें धारदार चाकूनें आंखावें. पेन्सिलीच्या रेघेस जाडी असते, व तीच पुढें फट होऊन दिसते. पटाशीनें खांच कोरतांना ती पाकळीच्या जाडीहून किंचित् उथळ ठेवावी. सरस लावून, वर वजन ठेवून रात्रभर राहूं द्यावें. वर राहिलेला भाग पातळ पोलादी पत्र्याच्या सरळ कडेनें तासावा. येथें काचकागद घांसूं नये. शिसवाची काळी धूळ सागाच्या छिद्रांत बसली कीं निघतां निघत नाहीं. (मैनपुरीचे कारागीर शिसवांत पितळेची बारीक तार ठोकून नक्षी करितात. तें काम पाहण्यासारखें आहे, पण आरंभास तें नको.)

पाय व त्यांस जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या कुसू घालून सरसानें पक्क्या कराव्या. वरची फळी मात्र सरसानें चिकटवूं नये. ती खालून स्क्रूनें बसवावी, व पट्ट्यांतील भोकें फळीच्या रुंदीच्या दिशेनें लांबट ठेवावीं, म्हणजे फळी फुगली तरी स्क्रूस सरकावयास जागा राहते. शेवटीं स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडीचे पातळ हात द्यावे. वरून तसेच खालूनहि, कारण ओल एकाच बाजूनें शिरली तर फळीस बांक येतो.