'सब्र कर' म्हणण्याआधी : दिलासा या शब्दाची गोष्ट

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील वारले. आठ दिवसांनी तो शाळेत आला, तेव्हा आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "बेटा, सब्र कर." त्याने मान हलवली, आणि पुढे कितीतरी दिवस कुणाशी धड बोलला नाही. आपण त्याला दिलासा दिला की गप्प केलं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. भाषा शिकवणाऱ्यांची खोड अशी की, प्रश्न पडला की आधी शब्दकोश उघडायचा.

'दिलासा' फारसीतून आला. दिल म्हणजे हृदय, आणि 'आसा' हे विसावणे या अर्थाच्या 'आसूदन'पासून. ज्याने मन विसावतं तो दिलासा. 'सुकून' अरबी आहे. स-क-न म्हणजे थांबणं, स्थिरावणं. मदरशात कायदा शिकणाऱ्या पोरांना तो आधीच भेटलेला असतो. ज्या अक्षरावर जबर, जेर, पेश नाही त्यावरची खूण म्हणजे सुकून. आपल्याकडे तिला जज्म म्हणतात. जुन्या मराठी कागदपत्रांत 'राहणार' या अर्थी 'साकीन' लिहीत, तोही याच मुळाचा. कुरआनात नवरा-बायकोच्या नात्याबद्दल (सूरह रूम, आयत 21) याच धातूचं क्रियापद आहे. म्हणजे सुकून आणि घर हे शब्दांतही एकाच छपराखाली राहतात.

इंग्रजीतल्या 'कम्फर्ट'ची गंमत वेगळी. आज तो शब्द ऐकला की गादी, सोफा, एसी आठवतो. पण त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'फोर्टिस' आहे, म्हणजे बळकट. किल्ल्याला 'फोर्ट' म्हणतात ते त्यावरूनच. कम्फर्ट करणं म्हणजे मुळात बळ देणं. आपल्या मराठीत 'धीर देणे' म्हणतो, ते अगदी तेच.

आम्हाला सगळ्यात आवडला तो 'पुरसा'. मय्यतीच्या घरी पुरसा द्यायला जातात, ते फारसी 'पुर्सीदन'वरून, म्हणजे विचारणे. मराठी 'पुसणे', 'विचारपूस' यांतलं 'पूस' हे त्याचंच लांबचं भावंड. संस्कृत आणि फारसी एका कुळातल्या. खेड्यात 'समाचाराला जाणे' म्हणतात, त्यातही विचारणंच आहे. आम्ही त्या मुलाला काहीच विचारलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

आणि 'सब्र'? त्याचा अर्थ रोखून धरणं, टिकून राहणं. रडू नको, असा तो हुकूम नाही.

हिजरी 8 मध्ये मूताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची खबर आली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, ते आपल्या दुःखात आहेत. आज कित्येक घरांत उलटंच दिसतं. ज्यांच्या घरून जनाजा निघाला, त्याच बाया पाहुण्यांसाठी देगची चढवतात. हे आम्हाला पटत नाही.

सहीह बुखारीत आणखी एक प्रसंग आहे. प्रेषितांच्या (स.) एका लेकीचं मूल शेवटच्या घटका मोजत होतं. तिने वडिलांना बोलावणं धाडलं. त्यांनी आधी सलाम आणि निरोप पाठवला : अल्लाहने घेतलं ते त्याचंच, दिलं तेही त्याचंच, प्रत्येक गोष्टीची मुदत ठरलेली आहे, तेव्हा सब्र कर. म्हणजे 'सब्र कर' हे शब्द त्यांनीही सांगितले होते. पण लेकीने कसम घालून पुन्हा माणूस पाठवला, की तुम्ही याच.

ते उठले आणि गेले. मूल त्यांच्या हातात दिलं गेलं, त्याचा श्वास घरघरत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सोबत आलेले हजरत सअद बिन उबादा (रजि.) चकित झाले. त्यांनी विचारलं, या रसूलल्लाह, हे काय? त्यांनी उत्तर दिलं, ही रहमत आहे, अल्लाहने आपल्या बंद्यांच्या मनात ठेवलेली.