वऱ्हाड उभं माहुलीच्या माथ्यावर

रविवारी पहाटे साडेचारला ठाण्यातल्या बाळकुम नाक्यावर रिक्षा मिळणं, हाच माहुली गडाच्या चढाईतला पहिला अवघड टप्पा. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाळकुमच्या पाच जणांनी तो पार केला, ठाण्याहून कसारा लोकल पकडली आणि तासाभराहून जरा जास्त वेळात ते आसनगावला उतरले. त्यांतले दोघे साठी ओलांडलेले आणि गुडघ्यांना पट्टे बांधलेले. सगळ्यांत लहान कॉलेजातला. त्याच्या मोबाइलमध्ये हिमालयातल्या पायवाटांचे व्हिडिओ भरलेले. चीड-देवदारांच्या सावलीतून चालणारी माणसं आणि मागे बर्फ. 'आपल्याकडे असलं जंगल का नाही?' असं त्यानं विचारलं. सह्याद्रीत चीड आपसूक उगवत नाही, इथं राज्य सागाचं, हे त्याला पायथ्याशी पोहोचल्यावर न सांगताच कळलं.

आसनगाव स्टेशनापासून माहुली गाव पाच-सहा किलोमीटर. गावाबाहेर देऊळ, वनखात्याचं नाकं आणि मग थेट झाडी. हा सगळा मुलूख तानसा अभयारण्यातला. फेब्रुवारीत साग जवळजवळ उघडा पडतो. पानं खाली येतात ती एवढी मोठी की एका पानावर माणसाचं जेवण मावावं, आणि पाय पडला की पापडासारखी मोडतात. एक पान उचलून उजेडात धरलं तर किडीनं सगळा गर खाऊन नुसत्या शिरांची जाळी ठेवलेली, एखाद्या कारागिराला जमणार नाही इतकी बारीक. उताराला मात्र हीच पानं घसरवतात. ज्येष्ठांपैकी एकानं परतीला ते बसूनच अनुभवलं.

माहुली म्हणजे एक नव्हे, तीन किल्ले: उत्तरेला पळसगड, मधला माहुली, दक्षिणेला भंडारगड. उंची सुमारे २,८१५ फूट. चढायला अडीच-तीन तास लागतात. वाट मध्यम अवघड म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण झाडी संपून सोंडेवरचा उभा चढ सुरू झाला की 'मध्यम' या शब्दाचा अर्थ बदलतो. माथ्याच्या अलीकडे लोखंडी शिडी. ती चढली की माणूस गडावर.

इतिहास बहुतेकांना तोंडपाठ असतो, म्हणून धावता. निजामशाही बुडता बुडता शहाजीराजे इथं आले, ते १६३६ साली. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजेही सोबत होते, असं सांगतात. मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे शेवटी गड सोडावा लागला. पुढे शिवाजीराजांनी तो परत घेतला, पण १६६५ च्या पुरंदर तहात दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुलीही गेला. फेब्रुवारी १६७० मध्ये मराठ्यांचा हल्ला किल्लेदार मनोहरदास गौडानं परतवला; जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतलाच. आज महादरवाज्याच्या पडक्या देवड्यांत बसून माणसं डबे सोडतात आणि काही जण खडूनं, काही खिळ्यानं आपली प्रेमं दगडावर लिहून-कोरून जातात. पाण्याच्या टाक्याच्या काठाशी वेफर्सची रिकामी पाकिटं आणि बाटल्या. एवढ्या चढावर भरलेली बाटली नेता येते, मग रिकामी खाली का आणता येत नाही?

पण या डोंगराचं खरं वैभव भंडारगडाच्या टोकाला. तिथं मूळ कड्यापासून सुटे झालेले सुळके उभे आहेत आणि त्यांना नावं पडली आहेत ती थेट लग्नघरातली: नवरा, नवरी, करवली, भटजी. हायवेवरून नाशिककडे जातानाही हे वऱ्हाड ओळखू येतं. पायथ्याशी चहा-पोहे करणाऱ्या बाईंना पाहुण्यांनी विचारलं, लग्न लागलं की नाही? चुलीत फुंकर घालत त्या म्हणाल्या, "कुठचं लागतंय, दादा. मुहूर्त टळला नि उभेच ऱ्हायले." मग थोडं थांबून, "पावसात ढग येतो ना, तो अंतरपाट."

अंतरपाटाची ही कल्पना एखाद्या कवीला सुचली असती तर त्यानं पुस्तक काढलं असतं. या मंडळींत एक वजीरही आहे, सगळ्यांत देखणा आणि गिर्यारोहकांचा लाडका. लग्नात वजिराचं काय काम, यावर मात्र बाईंनी फक्त हात उडवले.

माथ्यावरून तानसाचा तलाव चमकताना दिसतो. १८९२ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं. भिवंडीकडून खाडी ओलांडून येणाऱ्या मुंबईच्या मोठ्या जलवाहिन्या बाळकुम-कापूरबावडीच्याच अंगानं जातात. आगरी-कोळ्यांच्या या गावठाणाभोवती आता टॉवर उभे राहिलेत आणि त्या जाड नळांकडे कुणी मान वर करून पाहत नाही. पाहुण्यांपैकी एक ज्येष्ठ लहानपणापासून ते नळ बघत आलेले. पाणी कुठून येतं, हे त्यांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

उतरल्यावर चहावाल्या बाईंनी तांब्याभर पाणी दिलं, मोजूनच. माहुलीला जाणाऱ्यानं माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावं. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.