चालत्या संगणकाला निवृत्तीची नोटीस

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमीची मोफत देखभाल थांबविली. तेव्हापासून आमच्या छत्रपती संभाजीनगरात लग्नपत्रिका-हँडबिले जुळविणाऱ्या डीटीपीवाल्यांपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो, “कॉम्प्युटर चांगला चालतो आहे, मग तो बाद कसा?”

प्रश्न रास्त आहे. संगणक त्या दिवशी बंद पडलेला नाही. घरमालक खोली खाली करायला सांगत नाही, पण पत्र्याला पडलेले भोक यापुढे बुजविणार नाही म्हणतो, तसे हे आहे. त्या भोकातून व्हायरस आणि चोर आत येतात. बरे, ‘विंडोज ११’ टाकावी तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. हप्ते फेडून नुकतेच मोकळे झालेल्या माणसाला ‘नवे यंत्र घ्या’ म्हणणे सोपे आहे.

‘एक्सपी’च्या वेळीही हेच घडले होते. ती २००१ साली आली, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रमही त्याच वर्षीचा. वस्त्यांतील कितीतरी मुलामुलींनी माऊस पहिल्यांदा हाती धरला तो याच प्रणालीवर. ८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने तिची साथ सोडली. तेव्हा तमिळनाडू सरकारने आपल्या कार्यालयांना सी-डॅकच्या ‘बॉस’ या मोफत लिनक्स प्रणालीकडे वळण्यास सांगितले. बँका मात्र ढिम्म राहिल्या. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून एटीएममधील जुन्या प्रणाली बदलण्यासाठी जून २०१९ ची मुदत घालावी लागली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा कंपनीने सोडून दिलेल्या एक्सपीलाही तातडीने दुरुस्ती दिली. म्हणजे मनात आणले तर देता येते!

डीटीपीवाला आजही कोपऱ्यात एक्सपीचे यंत्र जपतो, त्याला लोक हट्टी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. त्याची अडचण मराठीची आहे. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण फाईलमध्ये साठे भलतेच चिन्ह. तो फॉन्ट नसला की सारा मजकूर अगम्य होतो. शिवाय अशी काही सॉफ्टवेअरे ‘डोंगल’ नावाच्या कुलपावाचून उघडत नाहीत, आणि ते जुन्या प्रिंटर-पोर्टला लागणारे असेल तर नव्या यंत्राला ती खाचच नसते.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट तर आपल्या र. कृ. जोशी यांनी घडविलेला. तरीही छपाईची सवय जुन्या फॉन्टचीच राहिली. जयंतीच्या स्मरणिका, भीमगीतांच्या पुस्तिका, वस्तीतल्या कवीचा एकुलता एक संग्रह असे कितीतरी लेखन अशाच फाईलींत पडून आहे. हार्ड डिस्क गेली की उरते ती कपाटातली छापील प्रत, तीही वाळवीने ठेवली तर.

तेव्हा ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी ते भंगारात देऊ नये, आणि इंटरनेटलाही जोडू नये. बँकेचे व्यवहार तर त्यावर मुळीच नकोत. ते चालू आहे तोवर फाईली फॉन्ट-कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्यात. रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, म्हणून एकाने छापील प्रत वाचावी व दुसऱ्याने पडद्यावर तपासावे. घरातली कॉलेजची मुले हे काम सुट्टीत करू शकतात.

विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या घेण्याची सोय ठेवली. मुलांच्या अभ्यासापुरते जुने यंत्र हवे असेल तर त्यावर लिनक्स मोफत टाकता येते; मात्र त्याआधी जुन्या फाईलींची प्रत दोन ठिकाणी काढून ठेवावी, आणि डोंगल कोणत्या डब्यात आहे ते घरात कोणाला तरी सांगून ठेवावे.