दावे सुटले की भांडण जुंपते



ज्वारी हुरड्यात आली, हरभऱ्याला घाटे धरले की आपल्या जिल्ह्यात गावोगाव एक भांडण ठरलेले असते. रात्रीतून कुणाची तरी जनावरे कुणाच्या तरी रानात शिरतात. सकाळी धनी जाऊन पाहतो तो चार-सहा वाफे भुईसपाट! मग शिव्या होतात, काठ्या निघतात, आणि दोन घरांचे बोलणे वर्षानुवर्षे बंद पडते. जनावर मुके आहे, त्याला बांध कळत नाही. तो मालकाला कळायला हवा.

यावर आपल्याकडे फार जुना उपाय आहे, तो म्हणजे कोंडवाडा. इंग्रज सरकारने १८७१ साली मोकाट जनावरांच्या नुकसानीचा कायदा केला. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात कोंडवाड्याचे काम ग्रामपंचायतीकडे आले. रानात शिरलेले जनावर धरून कोंडवाड्यात द्यायचे, मालकाने दंड आणि वैरणपाण्याचा खर्च भरून ते सोडवून न्यायचे, आणि कुणीच न आल्यास त्याचा लिलाव करायचा, अशी ही साधी पद्धत. पण आज कित्येक गावांत कोंडवाड्याच्या भिंती पडल्या आहेत आणि आत वेड्या बाभळी माजल्या आहेत. कोंडवाडा गेला आणि माणसे हातात कुऱ्हाड घेऊ लागली.

रागाच्या भरात जनावराच्या पायावर घाव घालू नका. पीक पुन्हा घेता येते, मोडलेला पाय जुळत नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेप्रमाणे जनावराला मारणे किंवा लुळेपांगळे करणे या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. नुकसान तुमचे आणि गुन्हाही तुमच्याच नावावर, असे व्हायला नको. त्यापेक्षा चार शेजारी बोलावून, झालेले नुकसान दाखवून रीतसर पंचनामा करून घ्या.

नुसत्या दंडाने मात्र हे थांबत नाही. ज्याच्या गव्हाणीत वैरण नाही, तो जनावर सोडणारच. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने हे ओळखले. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ठरवली. त्याआधी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीनेही हाच मार्ग धरला होता. बंदी म्हटल्यावर कुणालाही वाटेल, गरिबाच्या शेळीचे काय? पण हिवरे बाजारने डोंगर बंद केला, गवत बंद केले नाही. विळ्याने कापून भारा घरी न्यायला मुभा ठेवली. तुडवणे थांबले तसे गवत वाढले. पाणलोटाच्या कामाने विहिरींना पाणी आले, हिरवा चारा झाला आणि जनावरे दावणीला आली. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले गावचे दूध चार हजारांच्या घरात गेले. नियम सरपंचाच्या भाऊकीलाही तोच होता, म्हणून तो टिकला. (मेंढपाळांचे वाडे ही निराळी गोष्ट. पीक निघाल्यावर रानात मेंढ्या बसवून घेणे हा दोघांच्याही फायद्याचा सौदा आहे, त्याला उपद्रव म्हणू नये.)

आता एका नाजूक गोष्टीबद्दल. संकरित गाईला गोऱ्हा झाला की दूध पाजणे परवडत नाही. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी असल्याने तो विकलाही जात नाही. मग रात्री टेम्पोत घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडतात. हे तुम्हा-आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. उपासमार होईल अशा रीतीने जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि आज आपण सोडलेला गोऱ्हा त्यांच्या घासात शिरला, तर उद्या त्यांचा आपल्या घासात येणारच. याचे खरे औषध गोठ्यातच आहे. लिंगविनिश्चित रेतमात्रा वापरल्यास दहांपैकी सुमारे नऊ वेळा कालवड होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईंना ती जास्त मानवते.

उकिरड्याचे थोडक्यात सांगतो. शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेला उकिरडा माश्या पोसतो आणि उन्हात शेणातले नत्रही उडून जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा नाडेपचा हौद रानात बांधा. वाद मिटेल आणि खतही चांगले मिळेल.

वस्तीवरचे कुत्रे रात्रभर भुंकते ही तक्रारही अलीकडे ऐकू येते. राखणीला कुत्रे हवेच, पण ते दिवसभर उपाशी बांधून ठेवाल तर रात्री गळा काढणारच. त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचा. कुत्रे चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, हळद-चुना लावू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिसाळलेले कुत्रे चावलेली गाय लाळ गाळू लागली तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका.

कोंडवाडा पुन्हा उभा करायचा असेल तर विषय ग्रामसभेत घ्या. २६ जानेवारीची सभा जवळच असते, तिच्या आधी लेखी अर्ज देऊन विषय अजेंड्यावर येईल असे पाहा. ठरावात दंड किती, किल्ली कुणाकडे, कोंडलेल्या जनावराला वैरण कोण घालणार आणि पावती कोण फाडणार, हे सगळे स्पष्ट लिहून घ्या. भगिनींनी सभेला जरूर जावे. शेणगोठा आणि वैरणपाणी बहुतेक घरांत त्यांच्याच अंगावर असते.