गाडीमागची गाडी

दिवाळी सरली, की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण आणि गंगापूर या तालुक्यांत ऊसतोडणीची लगबग सुरू होते. जायकवाडीच्या पाण्यावर पोसलेला ऊस कारखान्याकडे निघतो. उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्याने जाताना दिसतात. एवढा मोठा भार ट्रॅक्टरला जोडणारी वस्तू मात्र लहानशीच असते. ती म्हणजे मुठीत धरता येईल अशी एक पोलादी पिन.

ट्रॉलीच्या दांड्याचे कडे ट्रॅक्टरच्या मागील पट्टीत बसवतात आणि दोहोंच्या छिद्रांतून ही पिन ओवतात. पिन उसळून वर येऊ नये म्हणून तिला खालून खिट्टी लावतात. ट्रॅक्टर दर वेळी निघताना व थांबताना पिनेला हिसका बसतो. त्यामुळे पिन झिजते आणि गोल छिद्र लांबट होते. छिद्र सैल झाले, की हिसका वाढतो; हिसका वाढला, की झीजही वाढते. म्हणून जाणता चालक जुने, धुळीने माखलेले वंगण पुसून नवे लावतो आणि झिजलेली पिन वेळीच बदलतो. पिनेच्या जागी तो साधी सळई कधीही घालत नाही, कारण भार पडताच सळई वाकते. शिवाय तो दांडा व ट्रॅक्टर यांना एक मजबूत साखळीही बांधतो. पिन तुटलीच, तर ही साखळी ट्रॉलीला धरून ठेवते.

ट्रॉली खालच्या पट्टीलाच का जोडावी, यालाही कारण आहे. ती उंच जागी जोडली, तर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि तो मागे उलटू शकतो.

ओढण्याइतकेच महत्त्व थांबवण्याला आहे. उतारावर बैल पाय रोवून गाडी थोपवतात. अनेक ट्रॉल्यांना मात्र स्वतःचा ब्रेक नसतो. सारा भार ट्रॅक्टरलाच आवरावा लागतो. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, एक डाव्या चाकासाठी व एक उजव्या चाकासाठी. शेतात चटकन वळताना एकच पेडल दाबतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडले कडीने एकत्र जोडलीच पाहिजेत. एकाच चाकाला ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलीत नेते. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते, हेही ध्यानात ठेवावे.

दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यान घाट आहे. अशा घाटातून भरली ट्रॉली उतरवायची असेल, तर चालकाने उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. मग इंजिनच वेगाला आवर घालते. उतारावर क्लच दाबला, की हा आवर सुटतो आणि भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे लोटू लागते.

रस्त्यावर शाळेला जाणारी मुले असतात, सायकलस्वार असतात, बाजाराहून परतणारी माणसे असतात. सुटलेली ट्रॉली त्यांना ओळखत नाही. निघण्यापूर्वी पिन, खिट्टी, साखळी व ब्रेक पाहण्यास पाच मिनिटेही पुरतात. तेवढा वेळ देणारा चालक स्वतःबरोबर या साऱ्यांचे रक्षण करतो.