हिमालय आणि त्याची पर्जन्यछाया

पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस आमच्या काष्टी स्टेशनावरून रोज जाते, थांबत मात्र नाही. सुट्टी संपवून निघालेले आपल्या भागातील जवान नगरला तिच्यात बसतात आणि पुढे कोणी काश्मीरला, कोणी लडाखला पोहोचतात. गाडीला जिचे नाव दिले आहे ती झेलम नदी पीर पंजाल पर्वताच्या पायथ्याशी वेरीनाग येथील झऱ्यातून निघते. भूगोलाच्या पुस्तकात हिमालय वाचताना तो फार दूरचा वाटतो. परंतु त्याचा एक भाग तरी आपल्या श्रीगोंदे तालुक्यातील माणसाला ओळखीचा वाटावा असा आहे, आणि त्याविषयीच मला मुख्यतः लिहावयाचे आहे.

प्रथम थोडी सर्वसाधारण माहिती. पश्चिमेस नंगा पर्वत (८१२६ मीटर) आणि पूर्वेस नामचा बारवा (७७८२ मीटर) यांच्या दरम्यान सुमारे २४०० किलोमीटर लांबीची ही कमान पसरली आहे. दक्षिणेकडून शिवालिक, मग सिमला-मसुरीचा मधला हिमालय आणि त्यामागे कायम बर्फाचा बृहद् हिमालय अशा तिच्या रांगा आहेत. आपल्या जिल्ह्यातील कळसूबाई (१६४६ मीटर) हे महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर. अशी पाच कळसूबाई एकावर एक रचली तरी एव्हरेस्टला (८८४८.८६ मीटर) गाठायला सहाशे मीटर कमीच पडतील!

वयाने मात्र आपला काळा कातळ थोरला आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरला. भारताची भूमी उत्तरेकडे सरकत आशियाला भिडली ती सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी. मधल्या टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ चेपला जाऊन वर उचलला गेला. देव्हाऱ्यातील गंडकी नदीचा शाळिग्राम हा त्याच समुद्रातील प्राण्याचा जीवाश्म होय. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग देव समुद्रातूनच आला की!” यावर मला काही बोलता आले नाही.

आता पावसाकडे वळू. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि तेथेच रिते होतात. म्हणून अकोले तालुक्यातील घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील आपल्या तालुक्यात जेमतेम पाचशे. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. हेच हिमालय करतो, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. त्याच्या पलीकडे असलेल्या लेहला वर्षाकाठी सुमारे शंभर मिलिमीटरच पाऊस-बर्फ मिळतो. बर्फाच्या डोंगरांमध्ये राहणारा लडाखी शेतकरी असा दुष्काळी मुलखातला माणूस आहे, हे वाचून मला प्रथम नवल वाटले.

तेथे जव आणि वाटाणा पिकतो, जर्दाळूची झाडे असतात. थंडीमुळे पीक वर्षातून एकच. पाणी येते ते वरच्या हिमनद्या वितळून. हिमनदी म्हणजे नुसता साचलेला बर्फ नव्हे. वर्षानुवर्षे दाबून घट्ट झालेला बर्फ आपल्याच भाराने उताराकडे सरकतो, ती हिमनदी. अडचण अशी की पेरणी एप्रिल-मे महिन्यात करावी लागते आणि उंचावरील बर्फाचे पाणी भरपूर सुटते ते जूनपासून. पाणी आहे, पण वेळेवर नाही. कालव्याच्या टेलला शेत असणाऱ्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. पीक वाळल्यावर सुटलेल्या आवर्तनाचा उपयोग काय?

यावर चेवांग नोर्फेल या निवृत्त इंजिनिअरने उपाय काढला. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी वळवून, सावलीच्या जागी दगडी बांध घालून त्यांनी ते थरावर थर गोठू दिले. हा बर्फ गावाजवळ, कमी उंचीवर असल्याने वरच्या हिमनदीच्या आधी वितळतो आणि पेरणीला उपयोगी पडतो. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. २०१३-१४ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांनी बर्फाचा स्तूप उभारला. वरून पाइपाने आणलेले पाणी उताराच्या जोरावरच कारंज्यासारखे उडते, हवेत गोठते आणि शंकूसारखा ढीग तयार होतो. शंकूला ऊन कमी लागते, म्हणून तो टिकतो. विजेचा पंप लागत नाही.

मला हे वाचताना हिवरे बाजारचे चर आणि बंधारे आठवले. तेथे पाणी जमिनीत जिरवतात, लडाखात गोठवून ठेवतात. मात्र दोन्हीकडे नवीन पाणी निर्माण होत नाही, आहे तेच थोपवले जाते. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस लावण्यास बंदी केली, ती म्हणूनच. आमच्याकडे ऊस सोडा म्हणणे सोपे नाही; घरोघरचे वर्षाचे गणित त्यावर चालते, आमच्याही. लडाखात हिमनद्या मागे हटत चालल्या आहेत आणि लेहमध्ये पर्यटकांच्या हॉटेलांसाठी बोअर वाढले आहेत. स्तूपाला पाणी पुरवणारा ओढाच आटला तर गोठवणार काय, हा तेथील प्रश्न आहे. आमच्या गावात तो बोअरच्या फुटांत मोजतात.