ठाण्याच्या दप्तरातलं गाव

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातल्या तांड्यावर किंवा कोलामगुड्यात बांधावरून भांडण पेटलं, की ते तीन ठिकाणी लिहिलं जाऊ शकतं. पोलीस पाटील ठाण्याला कळवतो, तंटामुक्त समिती आपल्या नोंदवहीत घेते आणि किनवट, मांडवी किंवा इस्लापूरच्या ठाण्यात स्टेशन डायरीत ओळ पडते. ज्यांचं भांडण, त्यांना मात्र यातलं काय लिहिलं गेलं ते क्वचितच कळतं. गावाच्या सहभागातून पोलिसिंग ही कल्पना महाराष्ट्राने मनापासून स्वीकारली. त्या सहभागातून तयार होणारे कागद गावाला दाखवायचे मात्र राहून गेले, आणि उत्तरदायित्वाचा सगळा प्रश्न तिथेच अडला आहे असं मला वाटतं.

या भागाला कागदाचं भय नवं नाही. 1956 पर्यंत किनवट हैदराबाद संस्थानातल्या, नंतर राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्याच जिल्ह्यात 1940 मध्ये कुमरम भीम या गोंड नेत्याचं बंड झालं. त्यानंतर निजाम सरकारसाठी गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने जे नोंदवलं, त्याचा गाभा असा: पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी दुसऱ्यांच्या नावे लागत होत्या, आणि लिहिणारा हात कधीच गोंडाचा नव्हता. आज इथे गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू कानावर पडतात. जबाब मात्र मराठीत लिहिला जातो. फिर्याद लिहून झाल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवावी, असं कायदा सांगतो. ज्या भाषेत तो बोलला त्या भाषेत तिचा अर्थ त्याला कळला का, हे विचारणारा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही.

गाव आणि ठाणं यांच्यातला दुवा म्हणजे पोलीस पाटील. वंशपरंपरागत पाटीलकी गेली आणि 1967 च्या ग्रामपोलीस अधिनियमाने हे पद नव्याने उभं राहिलं. गुन्हा, संशयास्पद मृत्यू, गावात आलेला अनोळखी माणूस, शांतता बिघडण्याची चिन्हं, सारं त्याने वर कळवायचं. 2024 मध्ये त्याचं मानधन दरमहा 15,000 रुपये करण्याचा निर्णय झाला, तो योग्यच होता. पण त्याची माहिती फक्त वरच्या दिशेने वाहते. वर्षभरात आपण ठाण्याला काय काय कळवलं, याचा गोषवारा ग्रामसभेपुढे ठेवण्याची रीत पडलेली नाही.

तंटामुक्तीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. 15 ऑगस्ट 2007 रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. समिती ग्रामसभेने नेमायची, दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे नोंदवायचे आणि सामोपचाराने मिटवायचे, मग मूल्यमापन आणि लोकसंख्येनुसार बक्षीस. धुऱ्याच्या वादासाठी तालुक्याला खेटे घालून पार खचलेल्या शेतकऱ्याला या मोहिमेने खरोखर दिलासा दिला, हे नाकारू नये. अनुसूचित क्षेत्रात तर तिला आणखी एक आधार होता. किनवट तालुक्यातली बरीच गावं या क्षेत्रात येतात, आणि 1996 चा पेसा कायदा तंटे सोडवण्याची रूढ पद्धत जपण्यास ग्रामसभेला सक्षम मानतो.

पण मिटलेल्या तंट्याला गुण मिळू लागले, की मिटवण्याची घाई होते. नवऱ्याने मारलेली बाई समितीपुढे बसते. भोवती सासरचे, भावकी, गावातली वजनदार माणसं. वहीत शेरा पडतो: ‘आपसात मिटले’. कोणते गुन्हे तडजोडीने मिटवता येतात, हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. नवऱ्याच्या क्रूरतेचा गुन्हा त्या यादीत नाही. म्हणून त्या शेऱ्यामागे नेमकं काय मिटलं, कोणाच्या संमतीने, आणि सहा महिन्यांनी ती बाई कशी आहे, हे विचारण्याचा अधिकार गावातल्या इतर बायांना असला पाहिजे. नाव झाका, तंट्याचा प्रकार आणि निकाल उघड ठेवा. माहिती अधिकार कायद्याचं कलम 10 हेच सांगतं: गोपनीय भाग वगळून उरलेला कागद द्यावा.

ठाण्याच्या उंबऱ्याआड कायदा आज बराच उदार झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 रोजी आदेश दिला की एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावा. जिथे जोडणी नीट नाही तिथे फार तर 72 तास. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळली, ते बरंच केलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 नुसार अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळक लावायचं आहे. आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद? गावातल्या बहुतेक तक्रारी तिथेच विझतात. नव्या संहितेत अशा अदखलपात्र प्रकरणांचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आहे. त्यातले नुसते आकडे, गावनिहाय, ठाण्याच्या फलकावर लागले तरी कुठे काय साचतंय ते दिसेल.

माहिती अधिकारात अर्ज केला की हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘तपास सुरू आहे’. त्या कायद्याचं कलम 8(1)(ज) तपासाला अडथळा येईल अशीच माहिती रोखू देतं. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागेल, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्येच भगतसिंग प्रकरणात सांगितलं. साक्षीदाराचा जीव धोक्यात येणार असेल तर कागद बंदच राहावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम असं आखडलं आहे, की अधिकाऱ्याचं नावही ‘वैयक्तिक’ म्हणून झाकलं जाईल अशी भीती रास्त आहे.

कागद काय करू शकतो, हे मराठवाड्याने शेजारच्या परभणीत पाहिलं. 15 डिसेंबर 2024 रोजी सोमनाथ सूर्यवंशी यांचा कोठडीत मृत्यू झाला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांकडे बोट दाखवलं, आणि 4 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. ही चौकशी कायद्याने सक्तीची आहे, म्हणून ती झाली.

किनवटच्या माणसाची अडचण अंतराची आहे. जिल्हा पोलीस कार्यालय नांदेडला, माहिती आयोगाचं दुसरं अपील संभाजीनगरला. त्यामुळे जे मागायचं ते ठाण्यातच मिळालं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंह सैनी निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रीकरण 18 महिने जपायला सांगितलं आणि कोठडीत बळाचा वापर झाल्याची तक्रार असेल, तर ते मागवण्याची वाट खुली केली. कोठडीत मार खाल्लेला माणूस धीर करून दोन वर्षांनी पुढे आला, तर चित्रीकरण पुसलेलं असू शकतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात दिवस, वेळ आणि ठाण्यातली खोली लिहून तेवढा भाग राखून ठेवण्याचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तो लिहून द्यायला गावातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी पुरेशी आहे.